डोकावण्याचे दुष्परिणाम

मॅडमच्या घरी दूध कधी उतू गेलं नाही, कारण ते तापेपर्यंत त्या शेगडीपुढून हलत नसत. त्या दुधावर साय मात्र कधी नीट धरली नाही, कारण धरतेय का हे बघायला त्या सारखा चमचा घालत. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी सकाळपर्यंत पट्टी काढू नका म्हणून बजावलं होतं. मॅडमनी संध्याकाळपर्यंत दोनदा तिचा कोपरा उचलून आत पाहिलं. तिसऱ्यांदा हात जवळ आला तसा सासूबाईंनी तो मनगटाशी धरला आणि म्हणाल्या, "अगं, तू बघून मला कसं दिसणार?"

मॅडमचे मिस्टर कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान चालवत. शांत माणूस. लग्न ठरलं तेव्हा मुलगी संशोधन करते एवढंच त्यांना सांगितलं होतं. ती घरातही करते हे नंतर कळलं, असं ते गिऱ्हाइकांना सांगत आणि चष्म्याची काच पुसत राहत.

मॅडमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर होती. लांबलचक ओटे, त्यावर बाटल्या आणि नळ्यांची दाटी, भिंतीशी एक गुरगुरणारा इन्क्युबेटर, ज्यात पेशींच्या चपट्या डिश उबेला ठेवलेल्या असत, आणि टोकाला काळा पडदा लावलेली एक अरुंद अंधारी खोली. त्या खोलीत मायक्रोस्कोप. तिथे काम करणाऱ्या मुलांनी मॅडमचं नाव डोकावणीबाई ठेवलं होतं. हे मॅडमना ठाऊक होतं, कारण एकदा मुलं बोलत असताना त्या दारातून डोकावल्या होत्या.

त्या मुलांपैकी दोघांचा या गोष्टीशी संबंध आहे. एक घुमी. ही पीएचडी करत होती आणि दिवसाला मोजून मापून बोलायची. कोणी 'जेवलीस का' विचारलं तर मान हलवायची, आणि ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून हे समोरच्याने आपल्या अनुभवावर ठरवायचं. दुसरा तिच्या शेजारच्या ओट्यावर काम करणारा बडबड्या. हे नाव कोणी ठेवलं ते सांगायला नको. घुमीचं नाव त्याने ठेवलं आणि मग बाकीच्यांनी न्याय म्हणून त्याचं ठेवलं.

घुमीचा विषय असा. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत शेकडो बारीक पिशव्या असतात. पेशीतला मोडका माल, जुनी झालेली प्रथिनं, आत शिरलेले जंतू, सगळं या पिशव्यांत जातं, आतल्या आम्लात विरघळतं आणि त्याचे सुटे झालेले भाग पेशी पुन्हा वापरते. थोडक्यात, भंगारवाला. शाळेच्या पुस्तकात त्यांना लयकारिका म्हणतात, आणि मुलांच्या लक्षात राहावं म्हणून 'आत्मघाती पिशव्या' असंही म्हणतात. का, तर पिशवी फुटली की आतला ऐवज पेशीलाच खाऊन टाकेल. मॅडमना या नावाची भयंकर चीड होती. सिलिंडर फुटू शकतो म्हणून स्वयंपाकघराला कोणी आत्मघाती खोली म्हणतं का, असं त्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच तासाला विचारत. त्यांचं म्हणणं, पिशवीला भोक पडलं तर पेशी काही कपाळाला हात लावून बसत नाही. ती उठते आणि कामाला लागते. पिशव्या दुरुस्त होतात, पेशी सावरते.

हे दाखवून द्यायचं काम घुमीकडे होतं. ती डिशमधल्या पेशींना एक औषध द्यायची. ते नेमकं पिशव्यांत शिरून त्यांची त्वचा फाडायचं. थोड्या वेळाने औषध धुऊन टाकायचं आणि पुढे काय होतं ते पाहायचं. पाहता यावं म्हणून दोन रंग होते. लाल रंग फक्त धडधाकट पिशवीत टिकायचा. पिशवी फाटली की विझायचा. आणि भोक पडलं की तिथे धावत येऊन चिकटणारं एक प्रथिन होतं, त्याला हिरवा रंग दिला होता. म्हणजे लाल असेल तर ठीक आणि हिरवा ठिपका दिसला तर भोक. रस्त्यावरच्या सिग्नलच्या बरोबर उलट, त्यामुळे बडबड्याला दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागे.

औषध धुतल्यावर हिरवे ठिपके कमी होत जावेत आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पेशी पुन्हा लाल दिव्यांनी भरून जावी, अशी अपेक्षा होती. दुसऱ्या प्रयोगशाळांतल्या लोकांना तसं दिसलंही होतं. घुमीच्या डिशमध्ये मात्र ठिपके कमी व्हायच्या ऐवजी वाढत. संध्याकाळी पेशी अंग चोरून गोल होत आणि दुसऱ्या दिवशी तळ सोडून मेलेल्या तरंगत. पहिल्या वर्षी एकदाच प्रयोग साधला होता. पण पुन्हा जमेना, तेव्हा तो योगायोग म्हणून सगळ्यांनी विसरून टाकला.

प्रयोग फसायला लागला तसा मॅडमचा जीव टांगणीला लागला. जीव टांगणीला लागला की त्या डोकावत. डिश मायक्रोस्कोपखाली लावलेली असली की पडदा बाजूला व्हायचा आणि त्या म्हणायच्या, एकच मिनिट बघते. मग स्टूल ओढून बसायच्या. निळा दिवा लावायच्या, डोळा लावायच्या, हिरव्या ठिपक्यांकडे बघून उसासे टाकायच्या. मधेच फोन यायचा. मग दिवा तसाच चालू ठेवून, एक डोळा डिशवर ठेवून त्या फोनवर परीक्षेच्या वेळापत्रकाबद्दल भांडायच्या. पेशी आणखी मरायच्या. मॅडम आणखी वेळा यायच्या.

घुमीने आपल्या परीने काही बदलायचं बाकी ठेवलं नाही. पाणी बदललं, औषधाची बाटली बदलली, डिश बदलल्या, हातमोजे बदलले, इन्क्युबेटर आतून घासून काढला. समोरच्या प्रयोगशाळेतून नव्या पेशी उसन्या आणल्या. त्याही तशाच मेल्या, आणि समोरच्यांनी परत काही द्यायचं बंद केलं. बडबड्याकडे दर आठवड्याला नवा सिद्धांत असायचा. इमारतीचं पाणी, लिफ्टची थरथर, एकदा तर घुमीचा अबोला. पेशींनाही कोणीतरी चार शब्द बोलायला हवेत असं त्याचं मत होतं. शेवटी तो म्हणाला की या डिशला कुणाची तरी नजर लागलीय. तो गमतीने म्हणाला होता आणि घुमी नेहमीप्रमाणे हसली नाही.

एका दुपारी घुमी एक मेलेली डिश फेकून द्यायला निघाली होती. फेकण्याआधी एकदा पाहावं म्हणून तिने ती मायक्रोस्कोपखाली ठेवली. नेहमी दोघीही खूप मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाने पाहत, पाच-पंचवीस पेशी दिसतील एवढंच. त्या दिवशी आधी कोणीतरी सगळ्यात लहान भिंग लावून ठेवलं होतं आणि तिने ते बदलायचा कंटाळा केला. त्यामुळे तिला पहिल्यांदाच डिशचा बराच मोठा भाग एकदम दिसला.

चहूकडे पेशी सुखात होत्या. पसरलेल्या, एकमेकींना खेटून, पोटात लाल दिवे. आणि मधोमध एक गोल डाग होता, जिथे सगळ्या मेल्या होत्या. हिरवळीवर कोणी बादली ठेवून विसरावी आणि उचलल्यावर खाली गवत वाळलेलं दिसावं, तसा. कड इतकी रेखीव की एकाच पेशीचा अलीकडचा भाग आक्रसलेला आणि पलीकडचा ठणठणीत. शेजारी पहिल्यावर थोडा चढलेला दुसरा गोल होता. मग तिसरा.

घुमीने मोठं भिंग लावलं, निळा दिवा लावला. दिव्याचा गोल त्या डागावर ठेवला. तो झाकणासारखा बसला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाणी नव्हे, औषध नव्हे, दिवा. पिशव्यांतला लाल रंग निळ्या उजेडात फार वेळ राहिला की तो स्वतःच पिशवीला आतून जाळतो. हे तिने वाचलेलं होतं. म्हणून तर ती स्वतः सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा दिवा लावून पटकन फोटो घ्यायची आणि बंद करायची. एवढं पेशी सोसत. पण एका फोनभर दिवा त्या सोसत नव्हत्या. एवढ्या कष्टाने पेशीने पिशव्या सांधत आणायच्या, आणि वरून कोणीतरी प्रेमाने बघत बघत त्या पुन्हा फोडायच्या. खपली धरली का हे पाहायला खपली काढणं, दुसरं काय. आणि पहिल्या वर्षी प्रयोग साधला त्या आठवड्यात मॅडम परिषदेला गेल्या होत्या, हेही तिला तिथेच बसल्या बसल्या आठवलं.

आता प्रश्न एवढाच होता की हे मॅडमना सांगायचं कसं. जिला 'जेवले' एवढंही सांगायचं जिवावर येई, तिने आपल्या गाइडना सांगायचं की तुमच्या बघण्याने माझा प्रबंध मेला.

तिने आधी बडबड्याला सांगितलं. म्हणजे त्याला खोलीत नेलं, डाग दाखवला आणि दिव्याकडे बोट केलं. त्याला कळलं, आणि आनंदाने तो जवळजवळ मायक्रोस्कोपवर पडला. मॅडमना मी सांगतो, बोलणं हे माझं काम, असं म्हणून तो त्यांच्या केबिनमध्ये गेला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून तेज उतरलं होतं. त्याने सुरुवात दिव्यापासून केली होती, पण दिव्यावरून विषय विजेवर, विजेवरून फ्रिजवर आणि फ्रिजवरून त्यात वर्षानुवर्षं साठलेल्या नळ्यांवर गेला, आणि मॅडमनी त्या सगळ्या नळ्या पुसून लावायचं काम त्याला दिलं होतं.

मग दोघांनी आडमार्ग धरला. घुमीने डिशच्या झाकणावर चिठ्ठी लावली: कृपया पाहू नये. मॅडमनी चिठ्ठी वाचली आणि न पाहण्यासारखं आत काय आहे ते बराच वेळ निरखून पाहिलं. मग बडबड्याने दिव्याची वायर सैल केली आणि दिवा बिघडल्याचं सांगितलं. मॅडमनी तासाभरात कंपनीचा माणूस बोलावला. तो मोठा सज्जन निघाला. वायर घट्ट केलीच, वर जुना दिवा मंद झालाय म्हणून जास्त प्रखर दिवा बसवून गेला. त्या आठवड्यात पेशी दुपारपर्यंतच मरू लागल्या.

तेव्हा घुमीने ठरवलं की आता आपल्यालाच तोंड उघडायला हवं. तिने त्या दिवशी सकाळपासून मनात वाक्यं जुळवली आणि मॅडम पडद्यातून डोकावल्या तशी एकही आठवेना. तिने फक्त स्टूल पुढे केलं. डिश लावलेलीच होती, लहान भिंगही. मॅडम बसल्या, डोळा लावला. घुमीने डिश हळूहळू सरकवली. जिवंत पेशी, जिवंत पेशी, मग ती रेखीव कड, मग मेलेला गोल, मग दुसरा, आणि पुन्हा जिवंत पेशी.

डोकावण्याचा विषय सोडला तर मॅडम अतिशय हुशार बाई होत्या. त्यांनी घुमीच्या हाताखालून डिश स्वतःकडे घेतली, दोनदा मागेपुढे केली. मग भिंग बदलून दिव्याचा गोल डागावर बसवला. तो बसला.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

घुमीला 'तुम्ही' म्हणवेना आणि खोटंही बोलवेना. तिने मराठीत असल्या वेळेसाठी करून ठेवलेली सोय वापरली.

"आपण," ती म्हणाली.

मॅडमनी डोळा भिंगावरून काढला. "आपण म्हणजे कोण? तू आणि मी, की मी?"

घुमीने मान हलवली. ती कुठल्या बाजूने हलली हे अंधारात नीट दिसलं नाही, पण मॅडमना अनुभव होता. त्यांनी दिवा बंद केला, उठल्या आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. घुमी बाहेर आपल्या ओट्याशी येऊन बसली. आता दुसरा गाइड शोधावा लागणार, असं ती धरूनच चालली. बडबड्यालाही काही सुचेना, यावरून परिस्थिती लक्षात यावी.

थोड्या वेळाने दार उघडलं. मॅडमचे डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत होता. त्या म्हणाल्या की आरोप गंभीर आहे आणि पुराव्याशिवाय त्या तो मान्य करणार नाहीत. डाग दिव्याने पडला की बघणाऱ्याने, हे वेगळं करायला हवं. चार डिश लावायच्या. पहिलीकडे त्या स्वतः नेहमीसारखं बघतील. दुसरीकडे तेवढाच वेळ घुमी बघेल. तिसरीवर तेवढाच वेळ दिवा लावून ठेवायचा आणि खोलीत कोणी थांबायचं नाही. आणि चौथी इन्क्युबेटरमध्ये ठेवायची, तिच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणीही, म्हणजे कोणीही, बघायचं नाही.

"माझ्या नजरेत काही वाईट नाही, हे सिद्ध झालं पाहिजे," त्या म्हणाल्या. बडबड्याने पटकन खोकला काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोग लागला. पहिल्या डिशपुढे बसून मॅडमनी प्रामाणिकपणे उसासे टाकले, बडबड्याने ठरल्याप्रमाणे फोन केला आणि त्या त्याच्याशी वेळापत्रकावरून भांडल्याही. घुमीने दुसरी डिश पाहिली. तिसरी एकटी उजेडात बसली. चौथीतही बाकीच्यांसारखंच औषध घालून, धुऊन झाकण लावलं, ती आत गेली. मग मॅडमनी अंधाऱ्या खोलीची आणि इन्क्युबेटरची, दोन्ही किल्ल्या स्वतःहून घुमीच्या हातात दिल्या आणि इमारतीबाहेर पडल्या, कारण आत राहिल्या तर काय होईल हे त्यांना माहीत होतं.

त्या थेट मिस्टरांच्या दुकानात गेल्या. मिस्टरांनी बायकोला कामाच्या दिवशी भर दुपारी दुकानात कधी पाहिलं नव्हतं; त्यांनी खुर्ची पुसून दिली. मॅडमनी आधी काचेच्या कपाटातल्या सगळ्या फ्रेमा रंगाप्रमाणे लावल्या. मग त्या आकाराप्रमाणे लावल्या. मग प्रयोगशाळेत फोन करून बडबड्याला सांगितलं की त्या काही विचारत नाहीयेत, सहज केला. त्यांनी काही न विचारताच त्याने बरंच काही सांगितलं, पण त्यात चौथ्या डिशचं एक अक्षर नव्हतं. घुमीने त्याला दम दिला होता. कसा, ते कळलं नाही, बहुतेक बघून.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ नंबर काढायला आले. मिस्टरांनी त्यांना भिंतीवरच्या अक्षरांपुढे बसवलं, भिंगं बदलत बदलत वाचायला सांगितलं. गृहस्थ वरच्या ओळी घडाघडा वाचून खालच्या बारीक ओळीवर अडखळले. मागे उभ्या मॅडमना राहवेना. त्या पुटपुटल्या. गृहस्थांनी ते ऐकून वाचलं. पुढचंही मॅडमनी सांगितलं, त्यांनी वाचलं. मिस्टर चकित. एवढ्या वयात एवढी नजर त्यांनी पाहिली नव्हती. गृहस्थांना चष्म्याची गरजच नाही असं सांगून त्यांनी निरोप दिला, आणि ते समोरच्या काचेच्या दारावर जाऊन आदळले.

गृहस्थांना पाणी दिलं, माफी मागितली, नंबर पुन्हा काढला. ते गेल्यावर मिस्टरांनी मॅडमना विचारलं की आज झालंय तरी काय. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. डाग, दिवा, चार डिश, आणि ते 'आपण'.  ती पोर चार वर्षं पाणी बदलत बसली आणि मी तिच्या डोक्यावर बसून ते सगळं जाळत होते, असं त्या म्हणाल्या. मी तिला म्हणत होते, तुझ्या हाताला स्थिरता नाही.

मिस्टरांनी हातातलं भिंग पुसून ठेवलं. मग म्हणाले, "तू त्या पेशींबद्दल एक सांगतेस ना नेहमी. की भोक पडलं म्हणून त्या रडत बसत नाहीत."

"पेशींचं सोपं असतं," मॅडम म्हणाल्या. "त्यांना कुणाची माफी मागायची नसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे पडद्याआड उभे होते. पहिली डिश: मधोमध डाग. दुसरी: तसाच डाग, तेवढाच रेखीव. तिसरी, जिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं, तिच्यातही डाग. मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग घुमीने चौथी डिश लावली. एकदाच दिवा लावला, फोटो घेतला, बंद केला. संगणकाच्या पडद्यावर फोटो उमटला. हिरवा ठिपका शोधून सापडत नव्हता. पेशी पसरलेल्या, आणि प्रत्येकीच्या पोटात लाल दिव्यांची गर्दी.

"म्हणजे मी निर्दोष आहे," मॅडम म्हणाल्या. "दोष दिव्याचा."

"दिवा चालू कोण ठेवायचं?" घुमी म्हणाली.

 मॅडम स्टुलावर बसल्या. एरवी त्या डिशकडे बघत, या खेपेला घुमीकडे बघत होत्या, आणि मग त्यांनी तेही सोडून जमिनीकडे पाहिलं. त्या म्हणाल्या की तुझी एवढी वर्षं माझ्यामुळे गेली, आणि मला माफ कर असं नुसतं म्हणणं अपुरं आहे, पण म्हणते.

घुमी आता मान हलवेल असं बडबड्याला वाटलं होतं. पण ती बोलायला लागली. तिच्या तोंडून एवढी सलग वाक्यं त्या खोलीने कधी ऐकली नव्हती. ती म्हणाली की वर्षं गेली हे खरं, आणि तिला राग आला होता हेही खरं. इतका की एकदा तिने मॅडमचं स्टूल लपवून ठेवलं होतं. पण वाया काही गेलेलं नाही. औषधाने एकाच वेळी सगळ्या पिशव्या फाटतात, त्यामुळे कुठली कधी आणि कशी सांधली हे कळत नाही. दिव्याचं तसं नाही. तो ठिपक्याएवढा बारीक केला तर एका पेशीतल्या एकाच पिशवीला भोक पाडता येईल. कुठे पाडायचं, केव्हा पाडायचं, किती मोठं पाडायचं, सगळं आपल्या हातात.

 मॅडमनी पर्समधून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि विचारलं, "माझं स्टूल तू लपवलं होतंस?"

त्यानंतरचं काम सहा-सात महिने चाललं. आधी त्यांनी न बघता बघायची युक्ती केली. ढीगभर सारख्या डिश लावायच्या, औषध धुतल्यावर एकेक डिश वेगवेगळ्या वेळी गोठवून टाकायची, आणि गोठवलेल्या डिशकडे हवं तेवढं बघायचं. तिचं आता काही वाकडं होणार नव्हतं. त्या सगळ्या डिश क्रमाने लावल्यावर पेशी काय करते ते दिसू लागलं. लहान भोक असलं तर काही प्रथिनं लगोलग धावत येतात आणि कडा ओढून तुरपाई घालतात. पेशीभर पसरलेल्या पातळ पडद्यांची एक जाळी शेजारून जाते, तिच्यातून नवी चरबी येते, अडलेल्या शेजारणीला वाटीभर तेल द्यावं तशी, आणि ठिगळ भरून निघतं. यावर मॅडम फार खूश होत्या. पण भोक मोठं असलं तर पेशी दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही. ती फाटक्या पिशवीभोवती दुहेरी आवरण गुंडाळते आणि ते गाठोडं दुसऱ्या धडक्या पिशवीच्या पोटात ढकलते. भंगारवालाच भंगारात. मग पेशीच्या केंद्रापर्यंत वर्दी जाते आणि नव्या पिशव्या घडायला लागतात.

मॅडमचं आयुष्यभराचं म्हणणं होतं की पिशव्या दुरुस्त होतात. घुमी दाखवत होती की काही होतात, काही टाकून द्याव्या लागतात. दोघींचं यावरून चांगलं वाजलं. म्हणजे मॅडम बोलल्या आणि घुमीने त्यांच्यापुढे एकामागून एक फोटो ठेवले. शेवटचा फोटो ठेवून झाल्यावर मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या की ठीक आहे, पेशीला माझ्यापेक्षा व्यवहार जास्त कळतो.

मग ठिपक्याएवढ्या दिव्याची व्यवस्था झाली. पहिल्या दिवशी मॅडमनी आत यायला परवानगी विचारली. घुमीने स्टूल पुढे केलं, पण स्वतःच्या स्टुलाच्या मागे, आणि दिव्याचं बटण आपल्याच हाताखाली ठेवलं. खोलीत दोघीच होत्या. घुमीने एक पेशी निवडली, पेशीतली एक गुबगुबीत लाल पिशवी निवडली आणि तिच्यावर उजेडाची टाचणी टोचली. पिशवी विझली. आजूबाजूच्या तशाच लाल राहिल्या. एक हिरवा ठिपका तिच्या कडेला येऊन बसला.

घुमी मधून मधून क्षणभर मंद दिवा लावून एकेक फोटो घेई आणि मधल्या अंधारात दोघी नुसत्या बसून राहत. मॅडमचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवलेले होते. एकदा त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. फोटोंमागून फोटो आले. विझलेली पिशवी विझलेलीच. मग एका फोटोत तिच्या जागी काहीतरी गुलाबीसर दिसलं. घुमीने तो मोठा केला. तिचा तिलाच भरवसा वाटेना. पुढच्या फोटोत रंग थोडा गडद झाला, आणि त्याच्या पुढच्यात ती पिशवी शेजारणींसारखी लाल होऊन बसली होती, हिरवा ठिपका कुठल्या कुठे गेला होता.

 अंधारात मॅडमनी घुमीच्या खांद्यावर हात ठेवला. घुमीने बटणावरचा हात काढून घेतला, स्टूल बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "बसा इथे. पुढची पिशवी तुम्ही निवडा."